उत्तर ध्रुवाला घोंगडी

धुळाआप्पांनी अंतर कधी किलोमीटरमध्ये सांगितलं नाही. ते लादीत सांगत. लादी म्हणजे बर्फाची, कारखान्यातून डब्यात गोठवून येते ती. चैत्राच्या उन्हात घोंगडीत गुंडाळलेली लादी सायकलच्या कॅरियरवर बांधून निघालं, तर मुक्कामाला पोचेपर्यंत ती जेवढी झिजेल तेवढं ते गाव लांब, असा त्यांचा सरळ हिशेब होता. केडगाव स्टेशन तीन बोटं. यवत चार बोटं. दौंड वीतभर. पुणं अर्धी लादी. एकदा मोटारसायकलवरच्या एका परक्या माणसानं भांडगावचा रस्ता विचारला, तर आप्पा म्हणाले, "नीट जावा, दोन बोटं. मग डाव्या हाताला वळा, आन् तिथनं इचारत इचारत पाच बोटं." तो माणूस बराच वेळ स्वतःच्या हाताकडं बघत उभा होता.

पौषात विचारलं तर हीच गावं जवळ येत. "थंडीत समदंच जवळ येतंय मास्तर," ते म्हणत, आणि त्यात आपण काही गमतीचं बोललो असं त्यांच्या चेहऱ्यावर कुठंही दिसत नसे.

नव्वदच्या आसपास मी शिरूरहून राहू गावच्या हायस्कुलात भूगोल शिकवायला आलो, तेव्हा शाळेच्या फाटकासमोरच आप्पांची बर्फाची वखार होती. वखार म्हणजे पत्र्याची एक शेड, शेडमध्ये कमरेइतका खोल खड्डा, खड्ड्यात लाकडाचा भुसा आणि भुशात लाद्या. दौंडच्या कारखान्यातून सकाळी टेम्पो यायचा. रसवंतीवाले, गारेगारवाले, लग्नघरचे आचारी आणि भिगवणकडून मासे आणणारे असे सगळे मग आप्पांच्या दारात उभे राहत. लाद्यांवर सात-आठ काळ्या घोंगड्या अंथरलेल्या असायच्या. त्या घोंगड्या हीच आप्पांची वडिलार्जित इस्टेट. घराणं मेंढपाळाचं. वडिलांच्या हयातीत कालव्याला पाणी आलं, चराऊ रानात ऊस उभा राहिला, मेंढरं विकावी लागली आणि हे लोक गावात स्थिरावले.

"मेंढरं गेली, घोंगड्या ऱ्हायल्या," आप्पा सांगत. "आता घोंगडीला काय तरी काम पायजे का न्हाई? म्हणून बर्फ धरला."

बर्फ घोंगडीत ठेवला की वितळत कसा नाही, याची उपपत्तीही त्यांच्यापाशी तयार होती. "घोंगडी कुणाची बाजू घेत न्हाई. माणसाला घातली तर ऊब आत ठिवती, बर्फाला घातली तर ऊन भाईर ठिवती." उष्णतारोधकावर मी वर्गात पाऊण तास घालवायचो, तो धडा आप्पा एवढ्यात उरकत.

त्यांचा आवडता शब्द होता 'झाका'. गिऱ्हाइकानं लादी घेतली की "झाका!" रसवंतीवर कुणाचा ग्लास उघडा दिसला की "झाका!" सरपंचांच्या घरी गावातला पहिला फ्रिज आला, तेव्हा लोक पेढे खायला गेले, आप्पा मयताला जावं तसं तोंड करून गेले. सरपंच दार उघडून आतला बर्फ कौतुकानं दाखवायला लागले, तर आप्पा ओरडले, "आवं झाका की!" बाहेर आल्यावर मला म्हणाले, "ह्यो बर्फ कोंडलाय मास्तर. कोंडणं येगळं आन् राखणं येगळं."

राखणं हा त्यांचा धर्मच होता. कुणाच्या घरी मयत झालं आणि लांबचा मुलगा किंवा लेक यायची असली, की माणूस आधी आप्पांकडं पळायचा. आप्पा हातातलं गिऱ्हाईक सोडून लादी घेऊन स्वतः जात आणि येणारा माणूस येईपर्यंत तिथंच बसून राहत. त्या कामाचा पैसा त्यांनी कधी घेतला नाही. पण तिथं त्यांचा दरारा असा, की अंत्यदर्शनाला कोण का येईना, घोंगडीचं टोकही वर करू देत नसत. "लांबनं हात जोडा. ज्याच्यासाठी ठिवलंय त्यो आला की मी उघडीन," असं ते सरपंचांनासुद्धा सुनवत. लोकांना तो विक्षिप्तपणा वाटे, मलाही वाटे.

स्वतः आप्पा एकटेच होते. बायको गयाबाई मी येण्याआधी तीन-चार वर्षं गेलेली. एकुलती लेक मालन अक्कलकोटच्या पलीकडं दिलेली. ती माहेरी येत नसे, एवढं गावाला ठाऊक होतं. का येत नाही ते विचारलं, की आप्पा म्हणत, "दोन लाद्या लांब हाय, कशी येणार?" आणि भुसा सारखा करायला लागत.

आता मुख्य गोष्ट. एका उन्हाळ्यात, परीक्षेच्या आधी, मी नववीला हिमनद्या शिकवत होतो. वर्गाच्या खिडकीबाहेर लिंबाखाली आप्पा घोंगडी वाळत घालत होते. मी पोरांना सांगत होतो, की हिमालयातला आणि ध्रुवावरचा बर्फ हळूहळू वितळतो आहे, हिमनद्या मागं सरकत चालल्या आहेत. तोच खिडकीच्या गजांमध्ये आप्पांचा चेहरा दिसला.

"मास्तर, राखणीला कोण हाय तिथं?"

वर्ग हसला. मी म्हणालो, "कुणी नाही आप्पा."

"एवढा बर्फ आन् राखणीला कुणीच न्हाई?"

"नाही."

"झाकलाय तरी का?"

पोरं बाकावर आडवी पडली. हेडमास्तर बाहेर आले, तेव्हा आप्पा निघून गेले. पण संध्याकाळी शाळा सुटताना फाटकात उभेच. त्या दिवसापासून त्यांनी मला सोडलं नाही. उत्तर ध्रुवावर छप्पर का नाही, खालून भुसा टाकता येईल का, असे प्रश्न. मी समजावायचा प्रयत्न केला. म्हटलं, आप्पा, गाड्यांचा, कारखान्यांचा धूर हवेत साठतोय, सगळी पृथ्वीच तापत चाललीय. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"आसंल," ते म्हणाले. "पर ऊन कमी करणं माझ्या हातात कवा हुतं? वैशाखाला मी थांब म्हणलो व्हय कधी? झाकणं तेवढं हातात आसतंय."

चार दिवसांनी ते वखारीला कुलूप लावून, धुतलेली बंडी घालून माझ्या खोलीवर आले. पत्र लिहायचं होतं. त्यांना अक्षरओळख नव्हती. मी वहीतला कागद फाडला, आणि आप्पांनी भिंतीकडं बघत सांगायला सुरुवात केली:

"बर्फाच्या मोठ्या सायबास राहूच्या धुळाप्पाचा रामराम. तुमच्याकडं बर्फ लई आन् राखण कमी, आसं आमच्या मास्तरांकडनं कळलं. वाईट वाटलं. तरी घाबरू नये. बर्फ उघडा ठिवू नये. वारा लागला की ऊन लागल्यापरास वंगाळ. काठाकडनं झाकत जावं, कारण जातोय त्यो काठाकडनं जातोय. भुसा मिळाला तर खाली टाकावा, न्हाई मिळाला तर नुसती घोंगडी बी चालती. नमुना सोबत धाडलाय."

नमुना त्यांनी खरोखरच आणला होता. वीतभर लांब, वीतभर रुंद, नवी कोरी घोंगडी. कडा स्वतः शिवलेल्या.

"आप्पा, उत्तर ध्रुव केवढा मोठा आहे! एवढ्या घोंगड्या कुठून आणणार?"

"माझ्या एकट्याच्या न्हाई म्हणत मी. आमच्या समद्या पाव्हण्यारावळ्यांची लोकर धरा की." मग त्यांना काहीतरी आठवलं. "मेंढरं इकून बसलो आम्ही. हितंच चुकलं."

"आणि काळी घोंगडी ऊन ओढून घेते."

"वरनं तापती. आतनं न्हाई तापत. हात घालून बघा," असं म्हणून त्यांनी पत्रात तेवढीही सूचना घालायला लावली. खाली अंगठा उठवला. पत्ता विचारला तर म्हणाले, "मुक्काम पोष्ट उत्तर ध्रुव. बाकी तुम्ही बघा, तुमचा भूगोल हाय."

मी हसू दाबून हो म्हणालो. खोटं कशाला सांगू, तेव्हा माझ्या मनात पत्र पाठवायचं होतं. बर्फाचा अभ्यास करणारी एखादी संस्था शोधावी, पत्ता मिळवावा आणि सोबत चार ओळी लिहून टाकावं, असं ठरवलंही होतं. पण दुसऱ्या दिवशी मी ते पत्र शिक्षकांच्या खोलीत वाचून दाखवलं. नुसतं वाचलं नाही, आप्पांच्या आवाजात वाचलं, घोंगडीचा तुकडा खांद्यावर टाकून. सगळे पोट धरधरून हसले. चहा मागवला गेला. मधल्या सुट्टीत मला परत वाचायला लावलं. एवढं हसून झाल्यावर ते पत्र गंभीरपणे पाकिटात घालणं माझ्याच्यानं होईना. मी ते नकाशांच्या कपाटात, जगाच्या नकाशामागं सरकवून ठेवलं आणि पुढच्या आठवड्यात बघू म्हटलं.

तो पुढचा आठवडा आलाच नाही. आप्पा मात्र पोस्टमन दिसला की उठून उभे राहत. आधी रोज, मग आठवड्यानं. मला विचारत, "काय आलं का वो सायबांचं?" मी म्हणे, लांब आहे आप्पा, वेळ लागणार. पुढं पुढं मला कारणं शोधावी लागत नसत, ती तेच शोधून आणत. "बर्फात टपालवाला चालणार तरी कसा? पाय घसरत आसंल." एकदा मी सांगून बसलो, की तिथं सहा महिने रात्र असते. आप्पांना एकदम हायसं वाटलं. "मंग बरोबर हाय. उजाडल्याबिगर वाचणार कसं?" सहा महिन्यांनी ते पुन्हा आले आणि म्हणाले, "आता उजाडलं आसंल की."

मला लाज वाटली नाही असं नाही. पण लाज वाटली की मी ती गोष्ट सांगून लोकांना हसवायचो. धुळाआप्पांचं पत्र हा माझा हुकमी किस्सा होऊन बसला. लग्नात, बदलीच्या निरोप समारंभात, सासुरवाडीला, कुठंही सांगा, हमखास हशा. किस्सा चांगला व्हावा म्हणून मी त्यात घोंगडी मोठी केली, आप्पांना अधिक खुळं केलं. आज ते आठवलं की जेवण जात नाही.

पुढं माझी बदली मांडवगण फराट्याला झाली. जाताना कपाट रिकामं करावं लागलं, तेव्हा ते पत्र नकाशांबरोबर माझ्या ट्रंकेत आलं. आप्पा फाट्यापर्यंत सोडायला आले होते. एसटीच्या खिडकीशी येऊन म्हणाले, "नव्या पत्त्यावर उत्तर आलं तर कळवा हां."

नंतरची सात-आठ वर्षं आम्ही भेटलो नाही. मधल्या काळात सगळ्या महामार्गावर थंड पाण्याच्या बाटल्या आल्या, घरोघर फ्रिज आले, रसवंत्यांवरसुद्धा बर्फाची पेटी आली. वखारीचं काय झालं असेल हे मला कळायला हवं होतं. मी चौकशी केली नाही.

मग एका रविवारी सकाळी वर्तमानपत्र उघडलं, तर आतल्या पानावर छायाचित्र. युरोपातला बर्फाचा डोंगर आणि त्याच्या अंगावर पांढरं कापड अंथरणारी माणसं. खाली चार ओळी होत्या, की तिथले लोक उन्हाळ्यात हिमनदीचा काही भाग असा झाकून ठेवतात, आणि झाकलेला बर्फ उघड्या बर्फापेक्षा कमी वितळतो. सगळी हिमनदी नाही, तेवढाच तुकडा वाचतो, असंही होतं. मी ते चार-पाच वेळा वाचलं. चहा निवून गेला. बायकोनं विचारलं, कुणी गेलं का ओळखीचं?

ट्रंकेतून पत्र काढलं. कागद पिवळा पडला होता. घोंगडीच्या नमुन्याला कसर लागली होती, मधोमध रुपयाएवढं भोक. मी कात्रण आणि पत्र पिशवीत टाकलं आणि त्याच दिवशी दोन एसट्या बदलून राहूला गेलो.

वखारीच्या जागी मोबाइलचं दुकान होतं. आप्पा घरी, दारातल्या बाजेवर बसले होते. पार वाळले होते. मला ओळखायला वेळ लागला, पण ओळखल्यावर पहिला प्रश्न तोच. "आलं का वो उत्तर?"

मी कात्रण हातात दिलं. त्यांनी ते उजेडाकडं धरलं, मग डोळ्याशी नेलं.

"ह्ये काय झाकत्यात?"

"बर्फ, आप्पा. परदेशात. खरोखर झाकतात. वितळू नये म्हणून."

"पोचलं म्हणायचं पत्र!" ते म्हणाले. "बघा, काठाकडनंच धरलंय. लिवलं हुतं ना आपण, काठाकडनं झाका म्हणून? उत्तर न्हाई धाडलं तर न्हाई धाडलं, काम तर केलं!" आणि शेजारच्या घराकडं वळून त्यांनी हाक मारली, "आगं ये भामाबाई, आपलं पत्र पोचलं!"

तेवढ्यावर मी गप्प बसू शकलो असतो. सोपं होतं. पण आता आणखी एक खोटं पोटात ठेवण्याची ताकद माझ्यात उरली नव्हती. मी पिशवीतून ते जुनं पत्र काढून बाजेवर ठेवलं, वर तो कसर लागलेला तुकडा ठेवला.

"आप्पा, पत्र पोचलं नाही. मी ते टाकलंच नव्हतं."

त्यांनी तुकडा उचलला. भोकातून बोट घालून पाहिलं. भामाबाई दारात आल्या होत्या, त्या आल्या पावली मागं गेल्या. मी मात्र बडबडत होतो, की पत्ता मिळाला नाही, मग राहून गेलं, चूक झाली. ते ऐकत होते की नाही कोण जाणे.

"म्हंजी ह्ये त्यांनी आपल्याच डोक्यानं काढलं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"माझं न वाचता?"

"न वाचता."

"मंग तर खरंच आसणार," ते सावकाश म्हणाले. "दोन टोकांच्या दोन माणसांला, एकमेकाचं त्वांड न बघता, एकच सुचलं. मंग ते खोटं कसं आसंल?"

ते चिडतील, शिव्या देतील, असं धरून मी आलो होतो. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"कागुद हाय का?" ते म्हणाले. "मालनला लिवायचंय."

मी वही काढली. त्यांनी भिंतीकडं पाहिलं नाही, माझ्या पेनाकडं बघत सांगितलं. अक्षर कळत नसताना ते प्रत्येक ओळ संपेपर्यंत थांबत होते.

"चिरंजीव सौभाग्यवती मालन हिला बापाचा आशीर्वाद. तुझी आई गेली त्या दिशी माझ्याकडं एकच लादी हुती. सकाळचा समदा माल लग्नाला गेलता. तुझ्या गावाला दोन लागत्यात, ते मला ठाव हुतं. पर घरात सावलीला ठिवून, नीट झाकून, एका लादीवर तू येस्तवर तिला राखीन, आसा माझा आंदाज हुता. आंदाज चुकला न्हवता. पर येणारा-जाणारा घोंगडी वर करून तिचं त्वांड बघत हुता. समद्यांना ती आवडायची. मला कुणाला न्हाई म्हणवलं न्हाई. मंग लादी सपली. भावकी म्हणली, दिवस मावळायच्या आत उरका. तू दिवेलागणीला आलीस."

मी पान उलटलं.

"लिवा. तू म्हणलीस, साऱ्या गावाला पुरला त्यो बर्फ माझ्या आईला पुरला न्हाई. मी तवा काय बोललो न्हाई. आता शिकल्यासवरल्या लोकांनी बी झाकणंच धरलंय, त्याचा फोटू सोबत धाडतोय. तुझ्या बापाला बर्फ राखता येत हुता. माणसं अडवता येत न्हवती. ते मागनं शिकलो. एकदा येऊन जा."

मग मला कळलं, की इतकी वर्षं पोस्टमन दिसला की उठून उभे राहायचे ते कुणासाठी. साहेबाचं उत्तर त्यांना स्वतःसाठी नको होतं. ते लेकीला दाखवायचं होतं. ते पत्र मी टाकलं असतं तर उत्तर आलं असतं असं नाही. पण न टाकल्यामुळं ते आलं नाही, एवढं नक्की, आणि त्याला आता इलाज नाही.

मी कात्रण घडी करून पत्राबरोबर पिशवीतल्या टपालपाकिटात घातलं. पाकीट डकवलं, मालनचा पत्ता त्यांना दोनदा विचारून सुवाच्य अक्षरात लिहिला, पिनकोडसकट. पाकीट पिशवीत ठेवत म्हणालो, "आप्पा, स्टँडवर टपालपेटी आहे. जाताना टाकतो."

त्यांनी हात पुढं केला.

"आणा हिकडं," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, अजिबात नव्हता. "तुम्ही बसा मास्तर. च्या घ्या. भामाबाई ठिवती आता. टाकायला मी जातो."

त्यांनी पाकीट बंडीच्या आतल्या खिशात घातलं, चपला शोधल्या आणि निघाले. पेटी दारातून दिसत होती. तिथपर्यंत जायला त्यांना बराच वेळ लागला. वाटेत दोनदा थांबून त्यांनी खिसा चाचपला. पेटीपाशी पोचल्यावर पाकीट तिच्या तोंडातून आत सोडलं, आणि मनगटापर्यंत घातलेला हात कितीतरी वेळ बाहेर काढला नाही.